न निघालेलं विमान

नगरच्या कापड बाजारात उशीचे अभ्रे बघत असताना सुकन्याच्या कोपराला मागून कुणीतरी बोट लावलं. धक्का म्हणावा असा तो स्पर्श नव्हता. गर्दीत वाट मागताना लावावं तसं नुसतं एक बोट. पण ती अशी दचकली की हातातला अभ्रा घसरून खाली पडला, आणि दुकानदार वाकून तो उचलेपर्यंत तिला मागे वळायचं सुचलं नाही. तेवढ्यात आवाज आलाच. ‘तुमी त्या इमानवाल्या बाई ना?’

बाई साठीच्या असतील. हिरवट रंगाचं लुगडं, हातात डोळ्यांच्या दवाखान्याची प्लॅस्टिकची पिशवी, आणि पदराचं टोक ओठांवर दाबून धरण्याची सवय. सुकन्यानं त्यांना ओळखलं ते त्या सवयीवरून. डिसेंबरात, शिर्डीच्या विमानतळावर, रुग्णवाहिकेच्या पुढच्या काचेआड हा चेहरा असाच पदर दाबून बसला होता. तेव्हा काच धुरकटलेली होती आणि बाहेर सगळंच धुरकट होतं. आता मार्चचं लख्ख ऊन दुकानाच्या पायरीपर्यंत आलं होतं आणि त्या उन्हात बाईंच्या डोळ्यांच्या कडेची प्रत्येक सुरकुती दिसत होती. पहिला विचार तिच्या मनात आला तो असा की, ही आता मला मारणार. दुसरा आला की, मारू दे. आणि मग दोन्ही विचारांची तिला लाज वाटली, कारण बाई नुसत्या उभ्या होत्या.

‘वळखलं का? मी राहीबाई. रविराजची आई. रेश्माची सासू.’

‘ओळखलं,’ सुकन्या म्हणाली. कशा आहात, असं विचारायचं नव्हतं. वाईट झालं, असंही म्हणायचं नव्हतं, कारण ते म्हणायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे तीन महिन्यांत तिला ठरवता आलं नव्हतं.

‘डोळं दाखवाया आल्ते,’ राहीबाई म्हणाल्या. ‘तुमाला बघितलं आन् पाय थांबलं. एक काम हुतं तुमच्याकडं. माझ्यासंगं घरी येता का? नेवाशाच्या अलीकडं हाय. लई लांब न्हाई.’

‘आत्ता?’

‘रविराज घरीच हाय. साखर कारखान्यावर वजनकाट्यावर असतो तो, आज सुट्टी हाय त्याची.’ बाईंनी पदर ओठांवरून काढला. ‘त्यो बोलंना झालाय. कामाला जातो, येतो, भितीकडं तोंड करून बसतो. पोरगी तीन म्हयन्याची झाली, तिला अजून हातात घेतली न्हाई. रातीतनं उठून एकच म्हनतो, आई, मी अजून एकदा म्हनाया पायजे हुतं त्या बाईला. मी लवकर सोडून दिलं. आता ह्याच्यावर आमी काय सांगावं? आमचं त्यो ऐकत न्हाई. तुमीच सांगाया पायजे.’

‘काय सांगू मी?’

‘जे हाय ते,’ राहीबाई म्हणाल्या.

दुकानदार अभ्र्यांचा गठ्ठा हातात धरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. सुकन्यानं त्याला, नंतर येते, असं काहीतरी सांगितलं. नाही म्हणायला तिच्याकडे कारणं होती. वडील जेवायला थांबले होते, उद्या सकाळी पुण्याला कामावर हजर व्हायचं होतं. त्यातलं एकही तिनं बोलून दाखवलं नाही. गाडी माळीवाड्याजवळ लावली होती. चालताना राहीबाई तिच्या मागे एक पाऊल ठेवून येत होत्या, आणि सुकन्याला वाटलं, आपण हिला नेत नाही आहोत, हीच आपल्याला मागून हाकत नेते आहे.

शेंडी गाव सोडून गाडी घाटाला लागली तेव्हा राहीबाईंचे डोळे मिटले होते. डॉक्टरांनी घातलेल्या औषधानं त्यांना उजेड सहन होत नव्हता. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. अशा दिवशी सुकन्याला आकाशाचा राग येई. वैमानिक झाल्यापासून ती हवामान बघत आली होती, जसं इतर लोक घड्याळ बघतात. पण डिसेंबरनंतर त्यात एक वेगळीच गोष्ट शिरली होती. हवा स्वच्छ असली की तिला वाटे, हे आता काय उपयोगाचं. त्या दिवशीही दुपारी असंच झालं होतं. सकाळी रनवेचं दुसरं टोक सोडाच, समोरचा दिव्याचा खांबही दिसत नव्हता, आणि जेवणाच्या वेळेला असं कोवळं ऊन पडलं की विमानतळावरचे सफाई कामगार कुंपणाशी बसून डबे खात होते. तोपर्यंत रुग्णवाहिका पुण्याच्या रस्त्याला लागून कितीतरी वेळ झाला होता.

आदल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला होता. जमीन ओली, वर अचानक थंडी, कालव्यांना पाणी, असं सगळं जुळून आलं की त्या भागात धुकं जमिनीवर अंथरल्यासारखं पडतं. सुकन्या आणि तिचा सहवैमानिक गोरक्ष आव्हाड आदल्या संध्याकाळीच पुण्याहून छोटं विमान घेऊन येऊन थांबले होते. दोन पंख्यांचं विमान, खुर्च्या काढून आत स्ट्रेचर बसवलेलं, सोबत एक डॉक्टर आणि एक नर्स. संगमनेरच्या माहेरी बाळंत झालेल्या एका मुलीचं हृदय बाळंतपणात सुजलं होतं. आपल्याकडच्या दवाखान्यांनी हात टेकले होते आणि चेन्नईच्या एका हॉस्पिटलात तिला घ्यायला तयार होते. सकाळी उजाडता उजाडता रुग्णवाहिका आली. रेश्माला सुकन्यानं तेवढंच पाहिलं, मागचं दार उघडं होतं तेव्हा. नाकातोंडावर नळ्या, आणि वेणी. कुणीतरी तिची वेणी घातली होती, नीट, घट्ट, शाळेतल्या मुलीची घालतात तशी. इतक्या नळ्यांच्या मधून ती वेणी खांद्यावरून पुढं आली होती. सुकन्यानं लगेच नजर काढून घेतली. पेशंटकडे बघायचं नसतं, हे तिला पहिल्याच वर्षी एका जुन्या कॅप्टननं सांगितलं होतं. पेशंट बघितला की हवा चुकीची दिसायला लागते.

‘व्हिजिबिलिटी वरखाली होतेय,’ गोरक्ष टॉवरशी बोलून येऊन म्हणाला होता. तो तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, हवाई दलात नोकरी करून आलेला, कमी बोलणारा. ‘मध्येच लिमिटला येते, परत पडते.’

‘लिमिटला आली तर?’

‘तर कायद्यानं निघता येतं.’

‘आणि निघाल्या निघाल्या एक इंजिन गेलं तर?’

‘परत उतरता येणार नाही. उतरायला जास्त दिसावं लागतं.’

‘नाशिक?’

‘बंद. संभाजीनगरही. पुण्यात तर याच्याहून वाईट आहे.’

तेवढंच बोलणं झालं होतं आणि त्यात सगळं आलं होतं. इंजिन क्वचितच जातं. हजारदा निघालं तर हजारदा जात नाही. पण ज्या एका वेळी जातं त्या वेळी खाली उतरायला जागा हवी, आणि त्या सकाळी इंधन असेतो पोचता येईल अशी बहुतेक सगळी जागा त्या एकाच पांढऱ्या चादरीखाली होती. एका बाजूला एक बाई, जिचं मरण जवळजवळ नक्की. दुसऱ्या बाजूला तिच्यासकट विमानातली सहा माणसं, ज्यांचं मरण जवळजवळ अशक्य. ह्या दोन ‘जवळजवळ’मध्ये तोलायचं कसं, ह्याचं पुस्तक कुठं नव्हतं. म्हणजे पुस्तक होतं, नियम होते, पण नियम काठापर्यंत आणून सोडतात. काठावर उभं राहिल्यावर ते बोलत नाहीत. तिनं विमानासोबतच्या डॉक्टरला विचारलं, रस्त्यानं पुण्यापर्यंत पोचेल का ही. डॉक्टर म्हणाली, ‘सांगता येत नाही. विमानानं नक्की पोचेल असंही मी म्हणणार नाही. माझं मी सांगितलं. हवेचं तुम्ही सांगा.’

घोडेगावच्या बाजारापाशी कांद्याच्या गोण्या भरलेल्या टेम्पोंनी रस्ता अडवला होता. गाडी थांबली तशी राहीबाईंनी डोळे किलकिले करून बाहेर पाहिलं, घोडेगाव का, असं स्वतःशीच म्हणाल्या आणि पुन्हा मिटले. कांद्याचा उग्र वास काचा बंद असूनही आत आला. त्या वासानं सुकन्याला आवेज आठवला. आवेज इनामदार झेंडीगेट भागातला. दोघं नगरच्या एकाच कॉलेजात होते, आणि एकाच वर्षी घरच्यांशी भांडून मध्य प्रदेशातल्या फ्लाइंग स्कूलला गेले होते. मेसच्या जेवणात तो कच्चा कांदा बुक्कीनं फोडून खायचा आणि त्याच हातानं तिच्या पाठीत थाप मारायचा. उडवायला तो तिच्याहून सरस होता. नोकरीला लागल्यावर तो पूर्वेकडे खाणीवाल्यांची छोटी विमानं उडवू लागला. पावसाळ्यात, डोंगरात, ढगांच्या पोटाखालून. फोनवर सांगायचा, आज काहीच दिसत नव्हतं सुकू, तरी बरोबर उतरवलं. तिला ते ऐकताना कौतुक वाटायचं आणि कुठंतरी हेवाही. नंतर तिच्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी सुखरूप उतरला तसा तो थोडा थोडा चुकत गेला होता. वाईट हवेत उतरलेल्या माणसाला हवा शिक्षा करत नाही. शाबासकी देते. आणि ती शाबासकी घेऊन तो पुढच्या वेळी आणखी जरा वाईट हवेत जातो. एका जुलैत त्याचं विमान एका डोंगरावर आदळलं आणि तो गेलाच. त्याच्या अम्मी, हसीनाबी, सुकन्याचा हात धरून म्हणाल्या होत्या, ‘बेटा, उसको किसीने रोका नहीं क्या गं? एकानं पण नको म्हणून सांगितलं नाही?’ सुकन्यानं मान खाली घातली होती. तिनंही सांगितलं नव्हतं. पण सांगितलं असतं तरी तो हसला असता. थांबणाऱ्याला सगळे प्रश्न विचारतात, असं तो म्हणायचा, निघालेल्याला कोणी विचारत नाही.

आणि ते खरंच होतं. त्या सकाळी रविराज प्रश्नच विचारत होता. उंच, वाळका, चौकड्यांचा शर्ट, त्यावर कुणाचातरी स्वेटर, बाह्या आखूड पडलेल्या. तो तिच्यापासून दोन हातांवर उभा राहून अत्यंत नम्रपणे एकेक विचारत होता. किती वेळ थांबावं लागंल मॅडम. सूर्य वर आला की जाईल का हे. वरून गेलं तर वर तर धुकं नसतं ना. तिनं एकदा, दोनदा, तीनदा समजावलं. तेवढ्यात त्या पांढऱ्यातून घरघर ऐकू आली. आधी नुसता आवाज, मग दोन पिवळे दिवे, आणि मग दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचं छोटं विमान रनवेवर टेकून त्यांच्या समोरून गेलं. त्या मिनिटाला व्हिजिबिलिटी वर आली होती आणि ते नियमात उतरलं होतं. त्यातून दर्शनाला आलेलं एक कुटुंब उतरलं, मुलांच्या टोप्या नीट करत, थंडीबद्दल बोलत. रविराज ते सगळं बघत राहिला. ते लोक गाडीत बसून गेल्यावर तो म्हणाला, ‘ते आलंच की मॅडम.’

‘त्यांना मिनिटभर दिसलं म्हणून आले. न दिसतं तर परत गेले असते.’

‘आपल्याला मिनिटभर दिसलं तर?’

‘आपल्याला निघायला दिसेल. परत यायला दिसणार नाही.’

‘परत कशाला यायचंय आपल्याला?’ तो म्हणाला. ‘आपल्याला तर जायचंच हाय ना. मी लिहून देतो. आमच्या जिवाचं काय बी झालं तर आमची जबाबदारी. तुमच्या हातात ती पाचसहा तास जगली तरी लई झालं. मॅडम, तुमी देवासारख्या आलाव. नुसतं एकदा बघा निघून.’

नंतर कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला होता. शंभर टक्के बरोबर निर्णय, असं ते म्हणाले. तिचे वडील, भिमाजी, जन्मभर एसटीच्या डेपोत गाड्या सोडण्याचं काम केलेले. ते म्हणाले, घाटात दरड असली की मी गाडी सोडायचो नाही, लोक शिव्या द्यायचे, पण बरोबर केलंस बाळ. सगळ्यांनी तिच्या निर्णयाचं कौतुक केलं, आणि दर वेळी तो शब्द ऐकून तिनं विषय बदलला. कारण निर्णय झालाच नव्हता. किंवा झाला होता, तो उलटा झाला होता. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. रविराज ‘नुसतं एकदा बघा निघून’ म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा टॉवरवरून व्हिजिबिलिटी लिमिटला आल्याचं कळलं, आणि तिच्या डोक्यातली सगळी बेरीज-वजाबाकी एकदम गप्प झाली. तिला ती वेणी दिसत होती. तिनं विमानापाशी उभ्या असलेल्या गोरक्षकडे पाहिलं आणि बोट हवेत गोल फिरवलं. इंजिन चालू करायची खूण. गोरक्ष क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग मान हलवून तो विमानाच्या दाराकडे वळला. तोंडानं ‘चला’ म्हणायचं तेवढं राहिलं होतं. आणि त्याच क्षणी, खाली बघत असलेला रविराज म्हणाला, ‘ठीकय मॅडम. तुमालाबी घर असंल.’ आणि वळून रुग्णवाहिकेकडे चालायला लागला. आता आपण पुण्याला नेऊ, असं तो ड्रायव्हरला सांगत होता.

तिला हाक मारता आली असती. तो दहा पावलांवर होता, फार तर. तिनं हाक मारली नाही. त्याची पाठ बघताना तिला जाणवलं ते दुःख नव्हतं, सुटका होती. आपल्याला कुणीतरी सोडलं होतं. तिनं गोरक्षला हातानं नको म्हणून सांगितलं आणि तो दारातून खाली उतरला. रुग्णवाहिका वळताना पुढच्या काचेत पदर तोंडाला लावलेली बाई दिसली. मग तीही त्या पांढऱ्यात गेली, आणि सायरनचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. रेश्मानं वाटेतच, नारायणगावच्या पुढं, जीव सोडला. संध्याकाळी डॉक्टरकडून ते कळलं तेव्हा सुकन्या हॉटेलच्या खोलीत पलंगावर बूट घालूनच पडून होती. तेव्हापासून तिनं कितीदा तरी मनात ते विमान उडवून पाहिलं होतं. कधी ते चेन्नईला पोचे आणि रेश्मा स्ट्रेचरवरून हात हलवी. कधी ते पोचे आणि रेश्मा वाटेतच गेलेली असे. कधी डाव्या इंजिनाचा आवाज बदले, आणि मग खाली नुसतं पांढरं. आवेजच्या डोंगराचा निकाल तरी लागला होता. न निघालेल्या विमानाचा कधीच लागत नाही. ते तिथंच उभं राहतं, आणि कुणीही येऊन त्याला हवं तिकडं नेऊ शकतं. रविराज त्याला रोज रात्री नेत असणार.

‘इथनं डावीकडं,’ राहीबाई म्हणाल्या. त्या केव्हा जाग्या झाल्या होत्या कुणास ठाऊक. नेवासा फाट्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून गाडी उसाच्या दोन फडांमधल्या अरुंद वाटेवर आली. एका बाजूला पाटाची चारी होती, पाण्यानं भरलेली. वाटेच्या शेवटी पत्र्याचं छप्पर असलेलं पक्कं घर, दारात ट्रॅक्टरची मोकळी ट्रॉली, वाळत घातलेली लहान मुलाची झबली. आतून बाळ रडत होतं आणि एक म्हातारा माणूस त्याला घेऊन अंगणात फेऱ्या मारत होता. ते रविराजचे वडील, कारभारी. सुकन्याला पाहून ते थांबले, बायकोकडे पाहिलं, आणि काही न विचारता बाळाला घेऊन गोठ्याकडे निघून गेले.

रविराज आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर बसला होता. खरंच भिंतीकडे तोंड करून नव्हे, पण खिडकीकडे, आणि खिडकीबाहेर भिंतच होती. तो पूर्वीपेक्षाही वाळला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला. त्याही परिस्थितीत पाहुणं आलं म्हणून उभा राहिला, आणि आईला म्हणाला, ‘खुर्ची दे त्यांना.’

राहीबाई खुर्ची ठेवून दारात उभ्या राहिल्या. सुकन्या बसली. तिनं वाटभर जुळवलेलं सगळं, हवेचं, इंजिनाचं, नाशिकचं नि पुण्याचं, तिच्या तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. हे तिनं त्याला तेव्हाही सांगितलं होतं. त्याला ते माहीत होतं.

‘तुमी बरं केलं आलात,’ शेवटी तोच म्हणाला. ‘मला एकच विचारायचं हुतं. खरं सांगा. मला वाईट वाटंल म्हणून खोटं नका सांगू.’

‘विचारा.’

‘मी अजून एकदा म्हनलो असतो तर?’ तो खिडकीकडे बघत होता. ‘तवा माझं तोंड दुखत हुतं, मॅडम. म्हंजे असं वाटलं, की आता किती हात जोडायचे. मी दमलो. माझी बायको गाडीत हाय आन् मी दमलो. मला असं वाटतं, अजून एकदा म्हनलो असतो तर तुमी हो म्हनला असता. तुमचं तोंड तसं झालं हुतं. मी खाली बघत हुतो, तरी मला तसं वाटलं. खरं का खोटं?’

सुकन्याला आपले हात मांडीवर दिसत होते. जे हाय ते, असं राहीबाई म्हणाल्या होत्या. जे होतं ते असं होतं, की त्यानं आणखी एकदा म्हणायचीही गरज नव्हती. नुसता गप्प राहिला असता तरी पुरलं असतं. एक श्वास. हे त्याला सांगितलं तर तो त्या एका श्वासात जन्मभर राहील. आणि नाही सांगितलं, तर त्या सकाळपासून कुणालातरी एकदा खरं सांगता यावं म्हणून ती जे जपून होती, ते ज्या एकाच माणसाला सांगण्यात अर्थ होता त्यालाच कधी सांगता येणार नाही. तिला वाटलं, आवेजनं काय केलं असतं. मग वाटलं, आवेजचा इथं संबंध नाही. तो निघाला असता, बस.

‘खोटं,’ ती म्हणाली. ‘मी गेले नसते. तुम्ही दिवसभर म्हणत राहिला असता तरी नसते गेले. माझं आधीच ठरलं होतं.’

‘आधीच?’

‘तुमची गाडी यायच्या आधीच. हवा बघितल्याबरोबर.’

‘मंग मला तासभर तिथं उभं का ठिवलं?’

‘तुम्हाला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही,’ ती म्हणाली, आणि ते बोलताना ते तिला स्वतःलाच खरं वाटलं.

रविराजनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आल्यापासून त्यानं असं सरळ पाहिलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरची ती ढिली, विझलेली कातडी हळूहळू ताठ होत गेली. सुकन्यानं माणसांचे चेहरे मऊ होताना पाहिले होते, पण एखादा चेहरा असा आकार घेताना तिनं पाहिला नव्हता. त्यात राग होता, पहिल्यांदाच, आणि तो राग तिच्या दिशेनं होता.

‘म्हंजे तेवढा वेळ फुकट गेला,’ तो म्हणाला. ‘आमी आल्याआल्या तुमी न्हाई म्हनला असता, तर आमी तवाच पुण्याला निघालो असतो. तासभर आधी. ती पोचली असती.’

हे सुकन्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या खोट्याला ही एक बाजू आहे, हे तिला आत्ता दिसत होतं, आणि आता ते मागे घेता येत नव्हतं.

‘तुमी जावा आता,’ रविराज म्हणाला. आवाज चढवला नाही. ‘परत नका येऊ.’

ती अंगणात आली तेव्हा राहीबाई तिच्या मागोमाग आल्या. कारभारी गोठ्याच्या सावलीत बाळाला खांद्यावर टाकून उभे होते. ते आता झोपलं होतं. गाडीचं दार उघडताना सुकन्या म्हणाली, ‘मला माफ करा. उलट वाईटच झालं.’

‘न्हाई,’ राहीबाई म्हणाल्या. ‘आता त्यो तुमच्यावर चिडंल. स्वतःवर न्हाई चिडायचा.’ त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. उन्हानं त्यांचे डोळे पाझरत होते, औषधानं की कशानं ते कळत नव्हतं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘मी पुढं बसले हुते त्या दिशी. गाडीत. तुमी त्या मानसाला बोटानं खुनावलं, त्ये मी बघितलं. त्यो दार उघडाया गेल्ता.’

सुकन्याचा हात दारावर तसाच राहिला.

‘मला बी वराडता आलं असतं,’ राहीबाई म्हणाल्या. ‘आरं थांब, त्या हो म्हनत्यात, असं. काच खाली घ्यायची का दार उघडायचं, तेवढ्यात त्यो येऊन बसला आन् गाडी वळली. मंग मी म्हनलं, सांगू वाटंत. वाटंत तर तसलं झालं. मंग कुनाला सांगायचं.’ त्यांनी घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. ‘त्याला कळता उपेगी न्हाई. कवाच.’

‘नाही कळणार.’

‘म्हनून तुमाला आनलं,’ राहीबाई म्हणाल्या. ‘मला असं खोटं बोलता आलं नसतं.’

त्या गोठ्याकडे गेल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरून बाळ घेतलं. सुकन्या गाडीत बसली. वाट अरुंद होती, वळवायला जागा नव्हती. ट्रॉली एका अंगाला, चारी दुसऱ्या अंगाला. तिनं गाडी मागं घेतली, थांबली, पुन्हा घेतली. मागचं चाक चारीच्या कडेच्या ओल्या मातीत घसरलं. तिनं ब्रेक दाबला. चाक किती बाहेर आहे हे तिला आतून दिसेना.

रविराज दारातून बाहेर आला. तिच्याकडे न बघता तो अंगण ओलांडून गाडीच्या मागे गेला, चारीच्या काठावर उभा राहिला आणि हात वर केला. उजवीकडं, असा पंजा फिरवला. मग, येऊ द्या. आरशात त्याचा चेहरा दिसत नव्हता, आखूड बाहीतून बाहेर आलेला हात फक्त दिसत होता. तिनं काच खाली घेतली नाही. हात सांगेल तसं स्टिअरिंग फिरवत, पाऊल पाऊल, ती गाडी मागं घेत राहिली.